तळहातावरचं सुलकाटा
आज घोडबंदर रोडला ताईकडे सुलकाटा कासवाच्या पिल्लाचं घर लावून आले. काचेची टाकी नको म्हटलं, पिल्लू काचेला दिवसभर धडका देतं. पसरट टब, खाली ओलसर कोकोपीट, एका कोपऱ्यात ऊब, वर यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा. ठाण्याच्या पावसाळ्यात ऊन कुठून मिळणार? आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. रोज कोमट, उथळ पाण्यात बसवायचं. फवारणी न केलेलं जास्वंदीचं पान त्याने कुरतडलं तशी भाची टाळ्याच पिटायला लागली! किती गोड!

पण मोठं झालं की हेच ४०-५० किलोचं होतं. ताईने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, जिथे असे परदेशी प्राणी नोंदवतात, त्याची नोंदणी केली आहे. तुम्हाला कुणी तारा कासव (पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलं आपलं देशी कासव) देऊ केलं तर मात्र घेऊ नका, ते पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.