टायर आतूनच का झिजतो

आमच्या जुन्या मारुती 800 चा पुढचा डावा टायर बाहेरून धडधाकट, पण आतल्या कडेला तारा दिसायला लागलेल्या. मधल्या नक्षीवर हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखी टोचते. म्हणजे टो, म्हणजे वरून पाहिलं तर पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बिघडलाय. हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रींनी आधी अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवण्याला) हातच लावला नाही, आणि तेच बरोबर. जॅकवर चाक उचलून डावी-उजवीकडे हलवलं, तर टाय रॉड एंडला, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणाऱ्या सांध्याला, चांगलाच खेळ! लोअर आर्मचं, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचं, रबरी बुशही फाटलेलं. चोर्ला घाटातले खड्डे, दुसरं काय. हे पार्ट न बदलता केलेली अलाइनमेंट टिकतच नाही. आधी पार्ट बदलले, मग टो लावला. टायर मात्र नवाच घेतला. तारा दिसलेला टायर मागच्या चाकालासुद्धा घालू नका.