गल्ली साडेपाच मीटरची, भाव सात मजल्यांचा

बेळगावच्या पेठेतली तीन गुंठे जागा. मालक तीन भाऊ, वर जुनं माळवदी घर, दर्शनी रुंदी 30 फूट आणि आतवर लांबी 109 फूट. कोल्हापूरकडच्या एका बिल्डरने सात मजले धरून भाव सांगितला. विसारपत्र व्हायच्या आधी थोरल्या भावाने मला मोजमापाला बोलावलं. गल्ली तीन ठिकाणी मोजली, सगळ्यात अरुंद ठिकाणी 5.5 मीटर भरली.

बिल्डरचं म्हणणं, "विमानतळाची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणला की उंचीचं काम झालं." हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. एनओसीतला आकडा जमिनीपासूनचा नसतो, समुद्रसपाटीपासूनचा असतो. बेळगावचं सांबऱ्याचं विमानतळ सुमारे 758 मीटरवर आहे. त्याच्या भोवती 4 किलोमीटरपर्यंत साधारण 45 मीटरची मुभा, म्हणजे इमारतीचं टोक 803 मीटरपर्यंत. जागा 750 वर असेल तर 53 मीटर मिळतात, आणि पाण्याची टाकी, जिन्याची खोली, अँटेना सगळं त्यातच. धावपट्टीच्या रेषेत हिशेब वेगळा. पेठ तर या वर्तुळाच्याही बरीच बाहेर. इथली उंची विमानामुळे अडत नाही, गल्लीमुळे अडते.

बिल्डरच्या मोबाईलमध्ये महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीचे तक्ते होते. ते हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या शिनोळीत चालतील. इथे कर्नाटकचा 1961 चा नगर व ग्राम नियोजन कायदा आणि बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, आराखडा. एफएआर, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, किती मिळणार ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं आणि इमारत उंच होत गेली की बाजूला सोडायची जागाही वाढते.

तोंडी सांगून कुणाला पटेना, म्हणून पडवीत खडूने रेघा मारल्या. उंच इमारतीला दोन्ही बाजूंना 5-5 मीटर सोडायचे म्हटले तर? एका भिंतीपासून 5 मीटर, दुसऱ्या भिंतीपासून 5 मीटर. दोन रेघा एकमेकींना ओलांडून पावणेतीन फूट पुढे गेल्या. धाकटा भाऊ म्हणाला, "मग इमारत बांधायची कुठं ओ?"

पार्किंगचं तेच. प्रत्येक मोटारीला उभी राहायला जागा, शिवाय वळायला वाट. तळमजला पार्किंगला गेला की गल्लीवरची दुकानं गेली, आणि पेठेत पैसा दुकानांतच असतो.

मग किमतीचा हिशेब. बिल्डरने मजल्याला 2,200 चौरस फूट धरून सात मजल्यांचे 15,400 काढले होते. एफएआर उदार मनाने 1.75 धरला तरी 3,267 चौरस फुटांवर 5,717 च होतात. तोच भाव यावर लादला तर विकायच्या प्रत्येक फुटावर जागेचा बोजा पावणेतीनपटीच्या घरात जातो. असे व्यवहार मध्येच अडकतात: विसार दिलेला, घर पाडलेलं, भाऊ भाड्याच्या खोलीत.

"शेजारी पाच मजले उभे आहेत की ओ," थोरल्याने दाखवलं. आहेत. पण मंजुरी कितीची, ते नकाशावर बघावं. मंजुरीबाहेरच्या मजल्याला पूर्णत्वाचा दाखला मिळत नाही, बँकेचा मूल्यमापक तो धरत नाही, आणि मग रोखीचं गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

यावर उपाय म्हणून रुंदीकरणाचं नाव निघतं. गल्ली रुंद झाली तर एफएआर वाढेल, हे खरं. रस्त्यासाठी जागेची पट्टी सोडणाऱ्याला त्याच 1961 च्या कायद्याच्या कलम 14-ब खाली विकास हक्काची, म्हणजे मोबदल्यात जादा बांधकामाच्या हक्काची, तरतूदही आहे. पण रुंदीकरण म्हणजे दोन्ही बाजूंच्या दुकानांची तोंडं कापणं, आणि ते दुकानदारच मतदार. कुठल्याही पक्षाचा वा एकीकरण समितीचा नगरसेवक त्या रेघेवर बोट ठेवायला धजत नाही. मजले मात्र सगळ्यांनाच हवेत.

शेवटी विसारपत्रातलं एक कलम बदललं. गुंठ्याचा दर काढून टाकला आणि मंजूर नकाशातल्या चौरस फुटाला दर लिहिला. जुनं घर पाडायचं ते मंजुरी हातात आल्यावर, आणि रुंदीकरणात पट्टी गेली तर तिचा हक्क भावांकडे. कोल्हापूरकर दोन दिवसांनी कळवतो म्हणाला. कळवलं, पण तळमजला अधिक दोन मजल्यांच्या भावाने.