जर्मनीत ज्युदो शिकवण्याचा परवाना मिळवताना

२०२२ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला आले, तेव्हा माझ्या बॅगेत दोन महत्त्वाचे कागद होते. एक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजातली बीपीएडची, म्हणजे शारीरिक शिक्षणाची, पदवी आणि दुसरा ज्युदोच्या दुसऱ्या डानचं, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या दुसऱ्या पायरीचं, प्रमाणपत्र. नऊ वर्षं शाळेतल्या मुलांना शिकवलं होतं. इथेही दोनेक महिन्यांत मॅटवर उभी राहीन असं मी धरून चालले होते. लागलं दीड वर्ष.

गावातल्या क्लबने पहिल्याच संध्याकाळी मला सामावून घेतलं. 'हाजिमे' म्हटलं की सुरू, 'माते' म्हटलं की थांब. ओसोतोगारी हा पाय अडवून पाडायचा डाव इथेही ओसोतोगारीच. हॉल हँडबॉलवाल्यांचाही, त्यामुळे दर वेळी मॅट सामानाच्या खोलीतून काढून अंथरायच्या आणि शेवटी रचून ठेवायच्या. पण मुलांचा गट एकटीच्या हाती हवा असेल तर 'ट्रेनर सी' परवाना घ्यावा लागेल, असं अध्यक्षांनी सांगितलं.

कागदपत्रांचं लवकर आटपेल असं वाटलं होतं. डानच्या मान्यतेसाठी एका कार्यालयाने तेच प्रमाणपत्र तीनदा मागवलं, त्यात चार महिने गेले. तेव्हा फार चिडचिड झाली. लहान मुलांसोबत काम करायचं म्हणून विस्तारित चारित्र्य दाखला लागतो. क्लबचं पत्र घेऊन नगरपालिकेत अर्ज केला. स्वयंसेवकाला तो फुकट मिळतो. प्रथमोपचाराच्या नऊ तासिका झाल्या. मग मुख्य प्रशिक्षण, पंचेचाळीस मिनिटांच्या १२० तासिका, बहुतेक शनिवार-रविवारी.

शेवटी परीक्षकांसमोर मुलांचा वर्ग घेऊन दाखवायचा असतो. पहिल्या खेपेला मी नापास झाले. अमरावतीत चाळीस मुलं एका शिट्टीवर रांगेत उभी राहत आणि मला मॅडम म्हणत. इथे चौदाच मुलं, मला नावाने हाक मारणारी आणि प्रत्येक गोष्टीला 'वारुम?' म्हणजे 'का?' विचारणारी. अर्धा वेळ मी त्यांना रांगेतच ठेवलं. त्यातच आठेक वर्षांचा एक मुलगा कोपरावर पडला आणि रडायला लागला. मी धावत जाऊन गुडघ्यावर बसले आणि तोंडातून आलं, "काय झालं रे बाळा?" तो माझ्याकडे बघत राहिला, मग उठून दुसऱ्या ट्रेनरकडे गेला. परीक्षकांनी माझ्या तंत्राला पूर्ण गुण दिले. 'मुलांशी बोलता यायला हवं' एवढंच म्हणाले. ते मला पटलं, म्हणून जास्त लागलं.

पुढचे सहा महिने मी सर्वांत लहान गटात मदतनीस होते. जर्मन भाषेची बी-१ ही मधल्या पातळीची परीक्षा आधीच झाली होती, पण पुस्तकात नसलेली जर्मन मला त्या पाच-सहा वर्षांच्या मुलांनी शिकवली. कोपर, घोटा, 'वो टूट एस वे?' म्हणजे कुठे दुखतंय, 'मला ढकललं', 'मी आधी आलो होतो'. उकेमी, म्हणजे पडण्याची पद्धत, शिकवताना हात मॅटवर का आपटायचा हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं: धक्का हातभर पसरतो आणि एकाच सांध्यावर येत नाही. अमरावतीत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेला अंग गरम करायला मी कबड्डी घेतली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आमच्या मंडळाच्या पथकाने जर्मन प्रेक्षकांसमोर हाच खेळ खेळून दाखवला होता. मुलांना तो लगेच जमला. पकडणं त्यांना ठाऊकच होतं, दम राखणं नवीन होतं. एक मुलगी जोरात आपटली. मी शेजारी बसून विचारलं, "वो टूट एस वे?" "कुठेच नाही," म्हणाली आणि पुन्हा चढाईला निघाली.

परवाना चार वर्षांसाठी असतो, नूतनीकरणाला पंधरा तासिका लागतात. मानधन थोडंच आहे. मंगळवारच्या गटात आता सोळा जण आहेत. इकडे येणाऱ्या प्रशिक्षकांनी कागद भाषांतर करून आणावेतच, पण आल्याबरोबर लहान मुलांच्या गटात जाऊन बसावं. मी ते पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं.