अ‍ॅमरिलिस लिली: फुलं उतरल्यावर, मार्च ते जून

मार्चअखेर. पहिल्या कुंड्यांची फुलं उतरली. फूल मलूल झालं की मागची हिरवी गाठ, म्हणजे बीजकोश, फुलासकट खुडला. बी धरू दिलं तर कंदाचं बळ तिकडे जातं, आणि बियांच्या रोपाला फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. संकर करण्याची हौस नसेल तर तो उद्योग नकोच. दांडा मात्र हिरवा आहे तोवर ठेवला, तोही अन्न तयार करतो. पिवळा पडून लवला की दोन इंच ठेवून कापायचा. पोकळ दांड्यातून पाणी ठिबकतं, घाबरू नये.

एप्रिल. पानं जोमात. बरेच जण इथेच कुंडी कोपऱ्यात सरकवतात आणि पुढच्या वर्षी नुसती पानं येतात. कंदात साधारण चार पानांमागे एक कळी धरते आणि ती बाहेर पडायला वर्षभर तरी घेते. म्हणून खत आत्ताच: 8 इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, हाडांचा चुरा आणि निंबोळी पेंड एकेक मोठा चमचा. वरची माती हलक्या हाताने उकरून मिसळायचं, कंदाचा वरचा तिसरा हिस्सा उघडाच ठेवायचा. शिवाय दर 15 दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत), लिटरला 2 ग्रॅम, ओल्या मातीतच.

मे. सकाळचं चार तास ऊन, दुपारी शेडनेट. नाहीतर टोकं करपतात.

जून. पाऊस लागला, की लिलीची अळी आलीच. काळी, अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके. रात्रीतून पान फस्त करते, पानं संपली की कंदाच्या मानेत शिरते. अंडी पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने असतात. रोज पान उलटून पाहायचं, पुंजका दिसला तर तेवढा तुकडा कापून टाकायचा. मोठ्या अळ्या हाताने वेचलेल्या बऱ्या. निंबोळी तेल (लिटरला 5 मिली, साबणाचे थेंब घालून) लहान अळ्यांवरच चालतं, आणि पावसाने धुऊन जातं. पाणी साचू नये म्हणून कुंडीखालची ताटली काढून टाकली. कंद बोटाला मऊ लागला तर उपटायचा, सडकं कापून बुरशीनाशकात बुडवायचा, सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणात लावायचा.

पिल्लं, म्हणजे मोठ्या कंदाला फुटलेले छोटे कंद, आत्ता वेगळी करत नाही. ते काम जानेवारीत, डिसेंबरपासून पाणी तोडल्यावर.