वर पाणी आहे का?

तुर्कस्तानातल्या बर्गामाच्या डोंगरावर केबल कारमधून उतरल्या उतरल्या ताईने फोटो काढायला सुरुवात केली, आणि मी पाणी शोधायला निघाले. प्यायचं नव्हे, ते पिशवीत होतं. एवढ्या उंचावर राजधानी थाटून राजवाडे, देवळं, ग्रंथालय उभारणारे लोक पाणी कुठलं पीत होते, हे कळल्याशिवाय मला खांबाबिंबांकडे बघवतच नाही.

"झालं हिचं सुरू," ताई म्हणाली.

हे खूळ बाबांचं. सिंहगडावर आम्हा पोरांना पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही दिसायचं. बाबा मात्र आधी देवटाक्यापाशी नेणार. कातळ चाचपणार, पाणी कुठून झिरपतं ते बघणार, मग ओंजळभर पिऊन मान डोलावणार, जणू गड विकतच घ्यायचाय. तानाजी कडा, कल्याण दरवाजा, सगळं नंतर. भुकेने आमचा जीव चाललेला असे.

पर्गमॉनच्या, म्हणजे जुन्या बर्गामाच्या, राजांनी मात्र पाणी आणलं ते लांबच्या मद्रा डोंगरातून, चाळीसहून जास्त किलोमीटर नळ टाकून. शेवटच्या टप्प्यात मध्ये दरी. म्हणून नळ दरीत उतरवला आणि समोरच्या डोंगरावर चढवला. खालच्या बाजूला पाण्याचा दाब केवढा असेल! पाणी मुकाट वर चढलं, तेही इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर पंपानेही चढत नाही.

ताईला रस नाट्यगृहात. उतारावरच कोरलेलं, 10,000 माणसं मावतील एवढं, आणि इतकं उभं की मी दोन पायऱ्या उतरून मुकाट्याने बसले. झ्यूसच्या प्रसिद्ध वेदीच्या जागी नुसता चौथरा आणि झाडं. वेदी 1878 पासून कार्ल ह्युमान या जर्मन अभियंत्याने खणून काढली, बर्लिनला गेली. तिथलं संग्रहालयही 2023 पासून दुरुस्तीसाठी बंद. ताई हळहळली. शेवटच्या राजाने तर इ. स. पू. 133 मध्ये अख्खं राज्यच मृत्युपत्राने रोमला देऊन टाकलं, तेव्हा वेदीचं काय घेऊन बसलीस, असं मी म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. गुडघ्यांमुळे ते आता गड चढत नाहीत. नळाची गोष्ट रंगवून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली.

"वेढा पडला की शत्रू पहिला तो नळ तोडणार."

"वर टाकीही आहेत, बाबा. पावसाच्या पाण्याची. एकात लोक नाणी टाकतात."

"कातळात खोदलेली?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.