अर्ध्यावर थांबणारा पडदा

पडदे वर असले की आमचं मोटारहोम गाडी असतं, खाली ओढले की घर. मुक्कामाला पोचून इंजिन बंद केलं तरी ते घर होत नाही. मी एकेका खिडकीपाशी जाऊन पडदे ओढते, मग होतं. त्यामुळे एका रात्री जेवणाच्या टेबलाजवळचा पडदा ओढताना 'टक्' झालं आणि तो एका खांद्याने निखळल्यासारखा तिरका लटकला, तेव्हा मला दार मोडल्याइतकं उघड्यावर आल्यासारखं झालं.

"सकाळी बघू," हा म्हणाला. त्याच्या 'सकाळी बघू'ची कीर्ती मोठी आहे. कपड्यांच्या चिमट्यांनी एक चादर लावली, ती अकरा दिवस तिथेच होती.

पडदा चुण्यांचा, घड्याघड्यांचा. एकात दोन: वरचा झिरझिरीत, खालचा जाड, आणि दोघांच्या मध्ये एक पट्टी. दिवसा झिरझिरीत ओढायचा. बाहेर उजेड जास्त, आत कमी, म्हणून आपल्याला सगळं दिसतं आणि बाहेरच्याला काहीच नाही. रात्री दिवा लावला की हा व्यवहार नेमका उलटतो. हे मला एकदा भांडी घासताना, खिडकीबाहेरून एका अनोळखी आजोबांनी हात हलवून नमस्कार केल्यावर समजलं. तेव्हापासून जाडाचं महत्त्व पटलं.

बाराव्या दिवशी पडदा उतरवायला घेतला, तर स्क्रूच्या डोक्यात चौकोनी भोक. आमच्या डब्यातला एकही स्क्रूड्रायव्हर बसेना. हे चौकोनी प्रकरण कॅनडातल्या रॉबर्टसन नावाच्या विक्रेत्याचं. म्हणे स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटला, त्याचा हात कापला, आणि त्या रागातून १९०८च्या सुमारास त्याने न निसटणारी खाच शोधली. खरंच निसटत नाही. आमच्यासारख्या गाड्यांमध्ये ती सर्रास दिसते, फक्त योग्य टोक हाताशी हवं.

पडदा टेबलावर आडवा घालून पाहिला तेव्हा कळलं, की तो नुसता टांगलेला नसतोच. तो ताणलेल्या दोऱ्यांवर सरकतो. दोरी वरच्या पट्टीतून निघते, प्रत्येक घडीच्या भोकातून खाली येते, मधल्या पट्टीत शिरते, तिच्या पोटातून आडवी पार पलीकडे जाते आणि दुसऱ्या टोकाने उतरून खिडकीखालच्या बटणाला बांधली जाते. तिची जोडीदारीण आरशातल्यासारखी उलट दिशेने. या फुलीमुळे पट्टी एका कोपऱ्याला धरून ओढली तरी फारशी तिरकी होत नाही, आणि वळणावर दोरी घासते म्हणून ती जिथे सोडाल तिथे थांबते. ना साखळी, ना कडी, ना खुंटी. नुसतं घासणं. मी बराच वेळ ती पट्टी वरखाली करत बसले होते.

पण ज्या वळणावर दोरी पडद्याला धरून ठेवते, तिथेच ती झिजते. दोन धागे सुटलेले, बाकीचे केसाळ झालेले. साध्या घरातल्या पडद्याला दिवसातून दोनदा हात लागतो. इथे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या पट्टीला दोरीवर किंचित घासून जातो, तासन्‌तास. म्हणजे आम्ही पडदा वापरून झिजवला नव्हता. तो वर गुंडाळून ठेवलेला असताना, आमचं लक्ष समोरच्या वाटेवर असताना, झिजला होता.

नवी दोरी आणली, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. तिचं टोक लायटरने वितळवून टोकदार केलं आणि ओवायला बसले. परकराची नाडी ओवण्याचा माझा अनुभव दांडगा, पण नाडीला एकच बोगदा असतो. इथे तीसेक घड्या, आणि एक भोक चुकलं तर पडदा तेवढ्याच जागी गाल फुगवून बसतो. मी दोनदा चुकले. "तू मोजत का नाहीस?" असं याने विचारलं, म्हणून तिसऱ्यांदाही चुकले.

शेवटी बसला. वर, खाली, मध्ये, झकास! तिसऱ्या दिवशी जाड कापड घडीवरच फाटलं, जुन्या वर्तमानपत्राची घडी फाटते तसं, सरळ रेघेत. उन्हाचा प्रताप. पडदा वर गोळा केलेला असतो तेव्हा काचेकडे तोंड करून बसलेली असते ती फक्त घडीची कड. मधलं कापड सावलीत मजेत, आणि कडा वर्षानुवर्षं भाजत राहतात. आता ती दोरी नवीकोरी आणि कापड पापडासारखं.

मग रोलर, म्हणजे नळीवर गुंडाळले जाणारे पडदे, घ्यायचे ठरले. खिडकीची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजायची आणि सर्वांत लहान माप धरायचं, कारण चौकटीच्या आत बसणारा पडदा दोन मिलिमीटर जास्त झाला तरी बसत नाही. आमच्या चौकटीत वर आणि खाली चार मिलिमीटरचा फरक निघाला. याच्या आणि माझ्या मापात सहाचा. त्यावर जे बोलणं झालं ते इथे देत नाही. स्क्रू मात्र तोकडेच घेतले. गाडीची भिंत म्हणजे पातळ प्लाय, फोम आणि बाहेरचं पातळ कवच. लांब स्क्रू आरपार गेला की पावसाला आयती वाट. जुनी भोकं सैल झाली होती, त्यांत काडेपेटीच्या काड्या गोंद लावून कोंबल्या.

जुना पडदा होता तिथे भिंतीवर मूळ रंगाचा एक स्वच्छ आयत निघाला. बाकीची भिंत इतकी मळलीय, हे त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हतं.

रोलर दिसायला देखणा. नळीच्या पोटात स्प्रिंग. हळू सोडलं की आतला खटका दात्यात अडकतो आणि पडदा थांबतो. झटका देऊन सोडलं तर नळी गरागरा फिरते, खटका बाहेरच फेकला जातो, आणि पडदा थेट छताशी. ही युक्ती १८६४ साली स्टुअर्ट हार्टशॉर्न या अमेरिकन माणसाने पेटंट केली. दीडशेहून जास्त वर्षांत माणसाचा हात काही तिला सरावलेला नाही. आमच्या घरचा तर नाहीच.

झोपायच्या कोपऱ्यातल्या लहान खिडकीचा चुण्यांचा पडदा मी बदलू दिला नाही. तिथे सावली असते, कापड अजून मऊ आहे, आणि त्याला मधोमध थांबता येतं: खाली जाड, वर झिरझिरीत, त्यातून झाडाचा शेंडा. उरलेली दोरी त्यालाच घातली. या वेळी मोजून, हा झोपलेला असताना.

बाकी खिडक्यांवर रोलर. सकाळी सहाला हा उठतो, पाऊल न वाजवता टेबलापाशी जातो, मला जाग येऊ नये म्हणून अगदी हलक्या हाताने पडद्याची दोरी धरतो आणि सोडतो.

फटाक्!

"जागी आहेस का?" तो कुजबुजत विचारतो.