कुंडी, विटा आणि रुमाल

बेळगावात शहापुरातल्या आमच्या घराला कट्टा होता. संध्याकाळी आजोबा तिथं बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचे. मी मोटार घेतली आणि तिचं नाक घासतं म्हणून कट्टा फोडला. आता तिथं एक कुंडी असते. तुळस कधीच वाळली, कुंडी राहिली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती दिवसभर माझी जागा धरून असते. समोरच्यांनी दोन विटा ठेवल्यात, पलीकडच्यांनी मोडकी खुर्ची. रस्ता महापालिकेचा, पण कुंडी हलवायची छाती कुणाची नाही!

मराठीत झाडही लावतात आणि गाडीही लावतात. आमच्या गल्लीत दुसऱ्या लावण्यानं पहिलं गिळलं.

शनिवारी बाजारासाठी गणपत गल्लीकडे गेलो की तीन चकरा ठरलेल्या. एका दुकानापुढं जरा फट दिसली तर आतून हाक येते, ‘‘ओ काका, हितं नको ओ, माल उतरायचाय!’’ सीमाप्रश्नावर आम्ही कितीही तावातावानं बोललो तरी केए 22, एमएच 09 आणि गोव्याची गाडी आरशाला आरसा लावून उभ्या असतात. नव्या इमारतींच्या नकाशात तळघरात पार्किंग असतं. खाली उतरून पाहावं तर साड्यांचा सेल.

एका मोटारीच्या जागेचं साधारण माप अडीच मीटर बाय पाच, म्हणजे जवळजवळ 135 चौरस फूट. माझ्या मुलाची खोली 120 आहे. शिवाय मोटार शंभरातले पंचाण्णव तास नुसती उभीच असते, असं शहररचनावाले सांगतात. खोलीचं भाडं घेणारे आपण, रस्त्यावरची ही खोली मात्र फुकटच हवी. जपानात 1962 पासून कायदाच आहे: गाडी लावायला स्वतःची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला दाखवा, तरच नोंदणी, रस्ता त्यात धरत नाहीत. बहुतेक गाड्यांना तो लागतो. हा कायदा मी घरी मोठ्या उत्साहानं सांगितला. बायको म्हणाली, ‘‘मग आपल्याला गाडी मिळालीच नसती की.’’ कुंडीचा दाखला कोण देणार?

गणपतीत मात्र गल्लीत मांडव पडतो आणि गाड्या आपसूक बाहेर निघतात. आजवर अरुंद वाटणारी गल्ली एकदम मोकळी होते. पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं उरलेल्या कट्ट्यांवर येऊन बसतात. आमच्या दारात त्यांना बसायला काही नाही, म्हणून मी आतून खुर्च्या आणून देतो. तेवढे दिवस माझी गाडी टिळकवाडीत मेहुण्याच्या फाटकासमोर असते. तिकडचे रस्ते रुंद.

यंदा पोचवायला गेलो, तर फाटकासमोर नवी कोरी कुंडी.